समोरून धरलेला कागद

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या जाऊबाईंची मेल्यावरही गेली नाही. त्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत परत कामावर हजर झाल्या. खरं सांगू? मला फारसं नवल वाटलं नाही. अंगात ताप फणफणत असताना टेबलाशी येऊन बसणारी बाई, मरण हे काय तिला न येण्याचं कारण वाटणार?

आमचं काम लिफाफ्यांचं. दुकानात गठ्ठ्याने मिळतात ते नव्हेत. आमचा लिफाफा एका अखंड कागदाचा. कात्री लावायची नाही, डिंक लावायचा नाही, नुसत्या घड्यांवर तो बंद झाला पाहिजे आणि बंद राहिला पाहिजे. कुणाला त्यात बी ठेवायचं असतं, कुणाला दागिना, कुणाला फोटो. जे ठेवायचं त्याचं वजन बघून, त्याचा स्वभाव बघून आम्ही घडी शोधून काढायची आणि नमुना करून द्यायचा. पुढे हजारांनी घड्या घालणारे वेगळे. आम्ही फक्त डोकं चालवायचं. आमचे हे त्याला डोकेफोड म्हणतात. त्यांना काय, बाहेरून बघणाऱ्याला सगळंच सोपं.

कामाची खोली खाली जिन्याजवळ. वर एका बाजूला आम्ही राहतो, दुसऱ्या बाजूला माझे मोठे दीर आणि जाऊबाई. म्हणजे आता नुसते दीर. खोलीत एक मोठी खिडकी, एक लांब टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. खिडकीकडे पाठ करून जाऊबाई, दाराकडे पाठ करून मी. मधे कागद. त्यांच्या बाजूच्या घड्या त्यांनी घालायच्या, माझ्या बाजूच्या मी.

आणि कागद फिरवायचा नाही. हा नियम भांडणातून झाला. सुरुवातीला कागद टेबलावर गोल गोल फिरायचा, मग घडी चुकली की "ही तुमची", "छे, ही तुझीच" असं सुरू व्हायचं. एक दिवस जाऊबाई कडाडल्या, "धाकटे, आजपासून कागद जागचा हलणार नाही. माझी बाजू बघायची असेल तर ऊठ आणि इकडे ये." मी म्हटलं, "आणि तुम्हाला माझी बघायची असेल तर तुम्ही या." झालं! दोघी एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. दोघींचे केस पांढरे झाले, पण ना त्या कधी उठून इकडे आल्या, ना मी तिकडे गेले. त्यांची बाजू मी जन्मभर उलटीच पाहिली.

शेवटची घडी मात्र दोघींनी मिळून घालायची. त्यांनी त्यांचं टोक धरून ठेवायचं, मी माझं ओढून बसवायचं. मी विचारायची, "धरलंत?" त्या म्हणायच्या, "धरलंय गं, ओढ." घडी बसली की मी म्हणायची, "सोडा." मी सोडा म्हटल्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत. एकदा मधेच वरून हाक आली म्हणून मी उठले आणि विसरूनच गेले. परत येऊन बघते तर बाई आपल्या तशाच कागदाचं टोक चिमटीत धरून बसलेल्या. म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणतात, "तू कुठे म्हणालीस सोडा?"

अशी बाई. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, असं आमचं चाललं होतं.

मग एकदा मेट्रनबाई आल्या. मोठ्या हॉस्पिटलच्या मेट्रन, पांढऱ्या बुटांच्या, बोलायला मोजक्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या अंगावरच्या वस्तू घरच्यांना द्यायच्या असतात. घड्याळ, चष्मा, अंगठी. आम्ही त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतो. आरपार दिसते ती पिशवी. लोक ती हातात धरून जिन्यावर उभे राहतात. मला ते बघवत नाही. तुम्ही काही करून द्याल का?"

मी काही बोलायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "देऊ." मग त्यांनी मेट्रनबाईंना एकच प्रश्न विचारला. "वस्तू पिशवीत घालते कोण?" मेट्रनबाई म्हणाल्या, "दोन नर्स. नेहमी दोघीच. एकटीने ते करायचं नाही, असा नियम आहे." जाऊबाईंनी मान डोलावली आणि टेबलावर नखाने टकटक केलं. त्या विचारात पडल्या की नेहमी असं नख वाजवायच्या. माझं डोकं उठायचं.

त्या लिफाफ्याने आम्हाला रडवलं. चष्मा लांब, अंगठी छोटी, घड्याळ जड. हलका कागद फाटायचा, जाड कागद चिडल्यासारखा उघडायचा. जाऊबाईंनी त्याचा ध्यासच घेतला. आणि मग त्यांच्या पोटात दुखायला लागलं. चार दिवस तपासण्या करून येते म्हणाल्या. जायच्या दिवशी सकाळी, पिशवी भरून तयार असताना, त्या खाली आल्या, मी यायच्या आधी एकट्याच बसल्या, आणि मी आले तेव्हा टेबलावर घड्या घालून पुन्हा उलगडलेला एक कागद होता.

"जमलं गं, धाकटे," त्या म्हणाल्या. "आल्यावर दाखवते."

पण त्या घरी परत आल्याच नाहीत, मेट्रनबाईंच्याच हॉस्पिटलात गेल्या. भाऊजी, म्हणजे माझे दीर, कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले ते उठेचनात. म्हणून वस्तू माझ्या हातात दिल्या. आरपार दिसणाऱ्या पिशवीत. चष्मा, अंगठी, कंगवा, त्यात अडकलेले केस. आणि कवळी.

ही कवळी म्हणजे जाऊबाईंचं जन्माचं गुपित. पुढचे दोन दात लग्नाआधीच पडलेले. ते खोटे आहेत हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि तेही कवळी मोडली तेव्हा कागद बघायला चाललोय असं सांगून मीच त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं म्हणून. नवऱ्याला कळू नये म्हणून ती बाई रात्रीही कवळी काढायची नाही. आणि आता ती पिशवीत सगळ्यात वर, दोन पांढरे दात आणि गुलाबी हिरडी. मी बसने आले. समोरची एक मुलगी टक लावून बघत होती. मी पिशवी दोन्ही हातांनी झाकली तरी कवळी कुठून ना कुठून दिसायचीच. इतका संताप आला मला, की कुणाचा तरी गळा धरावासा वाटला. मेली जन्मभर जपलेली गोष्ट, आणि शेवटी सगळ्या बसला दाखवत आणली मी.

घरी येऊन पिशवी कामाच्या खोलीतल्या कपाटात टाकली. भाऊजींनी दोन दिवसांनी विचारलं, "तिच्या वस्तू दिल्या असतील ना त्यांनी?" मी म्हटलं, "दिल्यात. लिफाफा तयार झाला की त्यात घालून देते. त्यांच्याच घडीत." ते बरं म्हणाले. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, पण रोज दुपारी चहाच्या वेळेला जिन्यावरून खाली येऊन दारात उभे राहायला लागले. मी मान हलवली की परत जायचे.

म्हणून मी कामाला बसले. जाऊबाईंचा तो शेवटचा कागद टेबलावर होता तसाच ठेवला, आणि त्यातल्या घड्या बघून नव्या कागदावर घालायला लागले. सगळं बसायचं, फक्त शेवटी बंद व्हायचं नाही. उचललं की लिफाफा हळूहळू जांभई दिल्यासारखा उघडायचा आणि वजनाला आत ठेवलेलं माझं घड्याळ बाहेर.

पहिल्यांदा मला खुर्चीने सांगितलं. संध्याकाळी जाताना मी दोन्ही खुर्च्या टेबलाखाली सरकवते, ही माझी सवय. सकाळी समोरची खुर्ची बाहेर ओढलेली, एक माणूस बसेल एवढी. आमचे हे आले असतील म्हणून मी त्यांना झापलं. ते म्हणाले, "मी? त्या खोलीत? मला काय वेड लागलंय?"

मग नखाच्या खुणा. मी घडी लाकडी पट्टीने बसवते. जाऊबाईंना पट्टी चालायची नाही, त्या घडीच्या शेवटी अंगठ्याचं नख दाबायच्या, तिथे चंद्रकोरीसारखी खूण उठायची. आता नव्या कोऱ्या कागदावर, समोरच्या बाजूला, त्या खुणा दिसायला लागल्या. मी हात न लावलेल्या घड्यांवर.

आणि एक दिवस, भर दुपारी, बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत असताना, मी कागद माझ्याकडे ओढला आणि तो आला नाही. टेबलाच्या कडेला अडकला असेल म्हणून बघितलं. कुठेच अडकलेला नव्हता. पुन्हा ओढला. कागद ताठ झाला. समोरून कुणी चिमटीत धरल्यावर होतो तसा, दोन्ही टोकांना ताण आणि मधे थरथर. ही थरथर मी आयुष्यभर बोटांनी ओळखत आले आहे. खोटं कशाला बोलू, भीतीच्या आधी मला राग आला. तोंडातून सवयीने निघून गेलं, "सोडा ना!"

कागद लगेच सुटला.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मनाशी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर खाली आले.

त्यानंतर रोज तेच. मी घड्या घालायची, शेवटच्या घडीपाशी आलं की समोरून कागद धरलेला. मी ओढायची, त्या सोडायच्या नाहीत. खिडकीचा उजेड त्यांच्या खुर्चीमागून यायचा, त्यामुळे जिवंतपणीही त्यांचा चेहरा मला काळोखातच दिसायचा. आता तिथे चेहरा नव्हता, तरी सवयीने मी तिकडे बघायची नाही. मी खाली बघूनच भांडायची. "अहो, असं अडून बसून काय होणार? एकदा नीट धरा की. मेल्यावर तरी माझं ऐका." मधेच टेबलावर टकटक व्हायची. बारीक, नखाची. आता माझं डोकं उठायचं नाही. ती टकटक थांबली की मात्र मी घडी अर्धी सोडून कान देऊन बसायची.

मेट्रनबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी काय झालं ते मला माहीत आहे, म्हणून मी थांबले. पण पिशव्या संपत आल्यात. नव्या मागवल्या तर वर्षभर त्याच चालतील." मी म्हटलं, "जमत नाहीये हो अजून." त्या म्हणाल्या, "काल एक म्हातारे गृहस्थ पिशवी शर्टाच्या आत घालून गेले. कुणाला दिसू नये म्हणून."

मी फोन ठेवला. जमत नाहीये हे खरं होतं. पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की जमलं तर काय, याची मला धास्ती बसली होती. जाऊबाई कशासाठी येत होत्या? "आल्यावर दाखवते" म्हणाल्या होत्या, बाई शब्दाच्या पक्क्या, म्हणून येत होत्या. लिफाफा बंद झाला की त्यांचं काम संपलं. मग समोरची खुर्ची सरकवलेली ती सरकवलेलीच राहणार. तिकडे लोक पिशव्या शर्टात लपवून घरी नेत होते, वर भाऊजी वाट बघत होते, आणि मी इथे एका मेलेल्या बाईला धरून बसले होते. कळत होतं मला सगळं. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच.

म्हणून त्या दुपारी मी जे केलं ते रागाने केलं. स्वतःच्याच रागाने. कपाटावर घरातली डिंकाची बाटली होती, चहाच्या डब्यावरचा कागद चिकटवायला आणलेली. ती काढली आणि ठरवलं, शेवटची घडी चिकटवून टाकायची. मेट्रनबाईंना काय कळणार आहे! बाटलीचं बूच काढलं. कागद समोर घेतला.

टकटक थांबली.

खोलीत इतकं सामसूम झालं की रस्त्यावरचे आवाजही कुणी दाराबाहेर अडवून ठेवल्यासारखे वाटले. आणि माझ्या डोळ्यांदेखत, समोरच्या कडेला, कोऱ्या कागदावर एक खूण उठायला लागली. हळूहळू. आधी एक ओरखडा, मग तो वाकला, मग खोल गेला. चंद्रकोर. त्याच्या शेजारी दुसरी. तिसरी. कागद दाबला जाताना जो बारीक आवाज होतो, तो येत होता. खुणा माझ्याकडे सरकत होत्या. त्यात राग होता. जिवंतपणी त्या रागावल्या की मी दुप्पट रागवायची. पण जिवंत माणसावर रागवता येतं. बाटली हातातून पडली, आणि मी पळाले ती जिन्याच्या पायरीवर येऊन बसले.

भाऊजी चहाचा कप घेऊन खाली येत होते. माझ्याकडे बघून थांबले.

"काय गं, भूत बघितल्यासारखी का बसलीस?"

"बघितलं नाही अजून," मी म्हटलं.

ते माझ्या वरच्या पायरीवर बसले. कप माझ्या हातात दिला. माझे हे दीर चष्मे करतात. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय, पण तेव्हा ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "ती येते ना इथे?"

मी कप दोन्ही हातांनी धरला.

"वर येत नाही," ते म्हणाले. "मी दार नुसतं लोटून ठेवतो, कडी लावत नाही. म्हटलं, येईल. मग वाटलं, खाली काम अर्धं राहिलंय तिचं, ते टाकून कशी येईल?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणते का?"

काय सांगू मी त्यांना! "त्या बोलत नाहीत हो," मी म्हटलं. "नुसता कागद धरून ठेवतात. मी ओढते, त्या सोडत नाहीत. हट्टाला पेटल्यात."

"हट्ट कसला?" भाऊजी म्हणाले. "बोलावत असेल तुला. मलाही तशीच बोलवायची. लोकांत बसलेलो असलो की मागून येऊन शर्टाची बाही धरायची आणि सोडायचीच नाही. उठून मागे जाईपर्यंत. तोंडाने हाक म्हणून कधी मारली नाही तिने." मग ते अगदी हळू म्हणाले, "वस्तूंची घाई नाही. फक्त चष्मा दे मला. डावी दांडी सैल झाली होती त्याची. जायच्या दिवशी म्हणाली, एवढी आवळून द्या हो. मी म्हटलं, आल्यावर देतो."

मी कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

माझी बाजू बघायची असेल तर ऊठ आणि इकडे ये. इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलं होतं मी ते! आणि मी मूर्ख, मूर्खांची राणी, बाई मेल्यावरसुद्धा माझ्याच खुर्चीत बसून त्यांचा कागद उलटा वाचत होते. कागद फिरवायचा नाही, म्हणून फिरवला नव्हता. फिरवायचं मनातसुद्धा आलं नव्हतं.

"तुम्ही इथेच थांबा," मी भाऊजींना म्हटलं. "दारात. आत येऊ नका."

आत गेले. बाटली लवंडून डिंक फरशीवर पसरला होता, कागदाला मात्र एक थेंब लागला नव्हता. मी टेबलाला वळसा घातला. चार पावलांचा तो वळसा, पण इतक्या वर्षांत मी तो एकदाही घातला नव्हता. समोरची खुर्ची बाहेर ओढलेलीच होती. "येते हो," मी म्हटलं, आणि बसले.

खुर्चीची बैठक मधे खोलगट झाली होती, माझ्या मापाची नव्हती. इथून टेबल वेगळंच दिसत होतं. खिडकी पाठीमागे, सगळा उजेड समोर. समोर माझी खुर्ची लख्ख उजेडात. म्हणजे इतकी वर्षं मी यांना अशी दिसत होते, कपाळावरच्या आठीसकट. आणि मला वाटायचं, माझा राग यांना दिसत नाही.

त्यांचा शेवटचा कागद बघितला. आणि बघता बघता कळलं. समोरून येणाऱ्या उजेडात मी जी घडी खाली दबणारी समजत होते, ती वर येणारी होती. कागदाच्या दोन्ही बाजूंना एकेक खिसा होता. एका बाजूचं टोक दुसऱ्या बाजूच्या खिशात जायचं, दुसऱ्याचं पहिल्याच्या, आणि तेही एकाच वेळी, दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढून. दोन हात एकमेकांत गुंतवावेत तसं. मग एकट्याने एक टोक ओढलं की दुसरं आवळणार. दोघांनी दोन्ही एकदम ओढली तरच सुटणार. म्हणून त्यांनी मेट्रनबाईंना विचारलं होतं, घालतं कोण. दोघी नर्स बंद करणार, आणि उघडायलाही दोघं लागणार. हे एकट्या माणसाने उघडायचं नव्हतं. जाऊबाईंनी तसं होऊच द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

मी कपाटातून पिशवी काढली. पहिल्यांदाच. चष्मा मऊ कापडात गुंडाळून मधे ठेवला. अंगठी, कंगवा. कवळी एका चिठोऱ्यात गुंडाळून सगळ्यांच्या खाली. घड्या घातल्या, आता त्यांच्या बाजूने. सगळ्या नीट बसल्या. शेवटची उरली. माझं टोक मी धरलं. दुसरं टोक समोर टेबलावर, माझ्या खुर्चीपुढे नुसतं पडलेलं.

भाऊजींना हाक मारता आली असती. मी मारली नाही.

"धरलंत?" मी विचारलं.

समोरचं टोक टेबलावरून उचललं गेलं. लख्ख उजेडात. खुर्चीत कुणी नव्हतं, पाठीमागचं दार दिसत होतं, दारात भाऊजी दिसत होते, आणि कागद ताठ झाला होता. दोन्ही टोकांना ताण, मधे थरथर. मी ओढलं. तिकडूनही ओढलं गेलं. दोन्ही टोकं एकमेकांच्या खिशात गेली आणि लिफाफा बंद झाला. एवढी सुबक घडी आमच्या हातून आयुष्यात झाली नव्हती.

आता सोडा म्हणायचं होतं.

मला म्हणवेना. मी म्हटलं नाही तर त्या सोडणार नव्हत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत धरून बसल्या असत्या. उद्यापर्यंत. मी जेवढे दिवस बसले असते तेवढे दिवस. लिफाफ्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्या, आणि मधे त्यांचाच चष्मा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "जाऊबाई," मी म्हटलं, "तुमच्याशिवाय मला करमत नाही हो. आयुष्यभर तुमच्याशी भांडले, पण माझं दुसरं कोण होतं?" समोरून फक्त थरथर.

दारात भाऊजी खोकले. त्यांना काय दिसत होतं देव जाणे. ते चौकटीला धरून उभे होते, आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, माझ्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीकडे होतं. त्यांनी एक हात थोडासा पुढे केला होता. बाही धरायला द्यावी तसा.

मग मी म्हटलं.

"सोडा."

लिफाफा माझ्या हातात आला. दारातून वारा आत आला असावा, कारण भाऊजींच्या शर्टाची बाही हलली. त्यांनी दुसऱ्या हाताने ती तशीच दाबून धरली, आणि बराच वेळ सोडली नाही.

लिफाफा आम्ही दोघांनी वर त्यांच्या खोलीत उघडला. त्यांनी एक टोक धरलं, मी एक. एकदम ओढलं, आणि तो आवाज न करता उघडला. त्यांनी चष्मा घेतला, खिशातून बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला, आणि उजेडाकडे बसून डावी दांडी आवळली. दोनदा उघडमीट करून बघितली. मग खालचं चिठोरं त्यांच्या हाताला लागलं. मी म्हटलं, "ते राहू द्या, ते माझं आहे." पण त्यांनी उघडलंच.

"हे होय," ते म्हणाले. "झोपेत बोलताना 'स' घसरायचा तिचा. मी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं." आणि चिठोरं पुन्हा होतं तसं गुंडाळून त्यांनी चष्म्याशेजारी ठेवलं.

मेट्रनबाईंनी नमुना बघितला, एका नर्सला बोलावून तिच्याबरोबर उघडून बघितला, पुन्हा बंद केला. "वस्तू न्यायला जे एकटेच येतात, त्यांचं काय?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "दुसरं टोक ओढायला आमच्यातली एक थांबेल." पिशव्यांची ऑर्डर त्यांनी दिली नाही.

आता मी दुसरी कामं करते. परवा एका फुलझाडवालीचं बियांचं काम आलं. सोपं होतं. माझ्याच खुर्चीत बसले होते, समोरची खुर्ची टेबलाखाली, संध्याकाळी सरकवलेली तशीच. शेवटच्या घडीपाशी आले आणि सवयीने म्हटलं, "धरलंत?" आणि नेहमीसारखा जोर लावून ओढला.

कागद सरळ आला. समोर काही अडलंच नाही, त्यामुळे माझं कोपर मागे खुर्चीच्या पाठीवर जाऊन असं आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अहो, सोडताना सांगायचं तरी!" मी ओरडले. आणि मग तिथेच कोपर धरून रडत बसले. त्यांनी कशाला सांगायचं? मीच म्हणाले होते.